मते दोन, पण सातबारा?

जिवती तालुक्यातील परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आदी १४ सीमावर्ती गावांचा विषय निघाला की शहरी बैठकीत हमखास विनोद होतो : शिधापत्रिका दोन, सरपंच दोन, मतेही दोन! मग या मंडळींना उणे ते काय?

या कथित चैनीचे मूळ इतिहासात आहे. राजुरा हा निजामी राजवटीतील आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका. राज्यपुनर्रचनेत १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला व १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. माणिकगडच्या डोंगरातील ही गावे मात्र वादात राहिली. आंध्र प्रदेशाने १९९७ साली सर्वोच्च न्यायालयातील याचिका मागे घेतली. पण गावांतील त्याचा कारभार उठला नाही. पुढे तो तेलंगणकडे गेला.

२०२४ साली १९ एप्रिलला चंद्रपूर आणि १३ मे रोजी आदिलाबाद लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नागरिकाचे नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत असावयास हवे. येथे ते दोन्हीकडे नोंदविणारी राज्ययंत्रणा नामानिराळी राहते आणि बोल लागतो तो मतदाराच्या बोटावरील शाईला!

खरा प्रश्न पोटाचा आहे. कसत्या वनजमिनीचा पट्टा नाही म्हणून अनेकांच्या नावे सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. दोन राज्यांचे धान्य घरात येऊनही शेतकऱ्याची पत शून्यच. ही गावे पूर्णतः सामावून घेण्याचा मनोदय महाराष्ट्र शासनाने २०२५ साली जाहीर केला. त्याची कसोटी तलाठ्याच्या दप्तरात लागेल.