विश्लेषण : उड्डाणपूल पाडून किनारा मोकळा, सॅन फ्रान्सिस्कोला हे कसं जमलं?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदर किनाऱ्यावर आज लोक निवांत फिरतात. पण १९५९ पासून तीसेक वर्षं इथे एम्बार्काडेरो हा दुमजली उन्नत महामार्ग होता. त्याच्यामागे १८९८ ची फेरी बिल्डिंगही झाकली गेली होती.

लोकांना पूल नको होता का?

तसं नाही. १९८६ च्या मतदानात नागरिकांनी तो पाडण्याचा प्रस्ताव फेटाळला. वाहतूककोंडीची भीती होती.

मग काय बदललं?

१७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात पुलाचं नुकसान झालं आणि तो बंद करावा लागला. गाड्या इतर रस्त्यांनी जाऊ लागल्या, काही प्रवासी रेल्वेकडे वळले. पुलाशिवायही शहर चालतं, हे दिसलं. महापौर आर्ट ॲग्नोस यांनी पूल पाडायचं ठरवलं. १९९१ मध्ये पाडकाम सुरू झालं.

त्या जागी काय आलं?

झाडांच्या रांगा, रुंद पदपथ, ट्राम आणि फेरी बिल्डिंगसमोर मोठा चौक. त्याला गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस यांचं नाव आहे. फेरी बिल्डिंग २००३ मध्ये बाजारपेठ म्हणून पुन्हा सुरू झाली.

किंमत कोणी मोजली?

पुलावरून येणारं गिऱ्हाईक तुटेल म्हणून चायनाटाउनच्या व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. १९९१ च्या निवडणुकीत ॲग्नोस हरले, त्यात या नाराजीचाही वाटा होता. चायनाटाउनला भुयारी रेल्वेचं स्थानक मिळालं ते थेट २०२२ मध्ये. किनारा मोकळा करताना पर्यायी वाहतूक आधी उभी राहायला हवी, हा या शहराचा दुसरा धडा.