चार्जिंग केंद्रावरील पैसे आणि पावती

आमच्या नायगांव-वसईकडून भाजीपाला, फुलें व केळीं मुंबईस धाडण्याचा परिपाठ जुना आहे. या कामीं आतां कोठें कोठें विजेवर चालणारे टेम्पो दिसूं लागले आहेत. गाडीविषयीं पुष्कळ बोललें जातें. पण वाटेंत वीज भरल्यावर पैसे कसे चुकते करावयाचे, याचा विचार शेतकरी बंधु आधीं करीत नाहींत.

गेल्या श्रावणांत पुतण्यासह पहांटे मेथी घेऊन निघालों असतां महामार्गावरील एका केंद्रावर थांबलों. पेट्रोल पंपावर माणूस नोट घेतो, सुटे परत देतो. येथें माणूसच नव्हता. प्रथम त्या कंपनीचें अ‍ॅप मोबाईलवर घ्यावें, नांव नोंदवावें, मग तिच्या पाकिटांत आगाऊ रक्कम भरावी, असा क्रम. रेंज नसल्यामुळें ओटीपी येईना. पाऊण तास गेला आणि मेथी कोमेजली ती वेगळीच. भरले ५०० रुपये, वीज घेतली २८८ ची.

महसूल खात्यांत जन्म पावत्या फाडण्यांत गेल्यामुळें मला हा व्यवहार खटकला व मीं चौकशी केली. एप्रिल २०१८ मध्यें ऊर्जा मंत्रालयानें खुलासा केला कीं, गाडी चार्ज करून देणें ही विजेची विक्री नसून सेवा आहे. तिला परवाना लागत नाहीं. म्हणून अनेक कंपन्या आल्या व प्रत्येकीचें पाकीट निराळें झालें. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणें, केवळ त्याच कंपनीकडे चालणाऱ्या अशा बंदिस्त पाकिटास बँकेची मंजुरी लागत नाहीं, व त्यांतून रोख रक्कमही काढतां येत नाहीं.

युरोपीय संघानें १३ एप्रिल २०२४ पासून ५० किलोवॉट व त्यावरील नव्या सार्वजनिक यंत्रांवर बँकेच्या कार्डानें पैसे घेण्याची सोय सक्तीची केली. आपल्याकडे २०१६ पासून यूपीआय आहे. साध्या मोबाईलवाल्यांसाठीं २०२२ पासून १२३पे देखील आहे. मग आगाऊ रकमेचा हट्ट कशाला?

तूर्त इतकें करावें: अ‍ॅपची नोंदणी घरींच उरकावी, क्यूआर दाखवून थेट पैसे घेणारें केंद्र आधीं पाहावें, पाकिटांत त्या खेपेपुरतेंच भरावें. पावतीवर युनिट, दर व कर वेगळे दाखविले आहेत कीं नाहींत तें तपासावें, आणि व्यवहार क्रमांक वहींत उतरून घ्यावा.

माझ्या वहींत ते २१२ रुपये अद्याप येणें बाजूस मांडलेले आहेत.