आजी दिसते, पण आजीला आपण दिसत नाही

ओटाहुहूत संध्याकाळचे साडेसात वाजलेत. तुम्ही साताऱ्याला आजीला व्हिडिओ कॉल लावता. आजी छान दिसते, मागे फोडणी तडतडलेलीही ऐकू येते. आणि तेवढ्यात ती म्हणते, "अरे, तू मध्येच पुतळा झालास बघ!" फोनवर रेंज मात्र फुल.

माझ्या भाड्याच्या घरात असंच वायरलेस ब्रॉडबँड होतं, आणि कित्येक महिने मी सगळा दोष समुद्राला देत होते. इतक्या लांबचा फोन, अडखळणारच ना? मग एकदा हिशोब केला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ऑकलंड ते मुंबई सरळ अंतर सुमारे १२,००० किलोमीटर, म्हणजे जायला ६० मिलिसेकंद. केबल वळसे घेत जाते म्हणून थोडे जास्त धरा. त्याने उत्तर किंचित उशिरा येईल, पण चित्र थिजणार नाही.

मग अडतंय कुठे? उत्तर ओटाहुहूच्या भूगोलातच आहे. इथे तामाकी नदीची खाडी आणि मानुकाऊ बंदर यांच्यामध्ये जमिनीची जेमतेम १,२०० मीटरची पट्टी आहे. पूर्वी माओरी लोक आपल्या वाका, म्हणजे होड्या, या पट्टीवरून ओढून पलीकडे नेत. पोर्टेज रोड हे नाव त्यावरूनच आलंय. दोन्हीकडे अथांग पाणी, पण वाट एवढीशी. तुमच्या कॉलचंही तसंच आहे: पलीकडे हजारो किलोमीटर फायबर, पण तुमच्या खोलीपासून टॉवरपर्यंतची वाट चिंचोळी.

ही वाट सगळ्यांची मिळून एकच असते. फोरजीमध्ये २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १०० तुकडे करतात, आणि टॉवरमधला शेड्युलर दर मिलिसेकंदाला ठरवतो की कुठला तुकडा कोणाला द्यायचा. संध्याकाळी सगळे घरी येतात. कोणी मॅच बघतं, कोणी गेम डाउनलोड करतं. तुकडे तेवढेच, मागणारे दुप्पट. फाइव्हजीत पट्टा रुंद मिळतो, पण ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंती सहज ओलांडतात, पण तिथे जागाच कमी.

रेंजच्या काड्या सांगतात टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय. रांगेत तुमच्यापुढे किती जण आहेत, हे त्या सांगत नाहीत.

आता आजीचं कोडं. टॉवर दहा-दहा वॅटच्या पटीत बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास. म्हणून टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला नीट ऐकू जात नाही. सिग्नल कमजोर असला की तोच मजकूर सावकाश, सुटा सुटा करून पाठवावा लागतो, म्हणजे तुकडेही जास्त खर्च होतात. आजी तुमच्याकडे डाउनलोडने येते, तुम्ही तिच्याकडे अपलोडने जाता.

मग करायचं काय? कंपनीला फोन लावण्याआधी दोन वेळा स्पीड टेस्ट करा: रात्री आठला आणि सकाळी अकराला. बघायचा तो अपलोडचा आकडा. दोन्ही वेळा वाईट असेल तर दोष जागेचा. राउटर टीव्हीमागून काढून टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा. फक्त रात्री वाईट असेल तर दोष रांगेचा, आणि तो राउटर हलवून जाणार नाही. अशा वेळी घराला फायबर आहे का ते घरमालकाला विचारा. २०२२ अखेर ते देशातल्या सुमारे ८७ टक्के लोकांपर्यंत पोचलंय, त्यामुळे शक्यता चांगली आहे. वर्षभरात घर बदलणार असाल तर वायरलेस सोयीचं, हेही खरंच. पण निवड माहिती घेऊन करा.

आणि तोवर? रविवारी दुपारी चारला फोन लावून बघा. हिवाळ्यात तिकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. टॉवरवर गर्दी कमी, आणि आजीचा चहाही झालेला. तिला तुमचं हलतं-बोलतं तोंड बघायचंय, आणि त्यासाठी समुद्र नाही, फक्त शेवटचा एक-दोन किलोमीटर सांभाळायचाय.