बुंध्यातून जोडधंदा

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात सरकारी नोकरांची वस्ती मोठी. निवृत्ती जवळ आली, की घरोघर जोडधंद्याचा विचार सुरू होतो. तोडलेल्या झाडांचे बुंधे काढून देणे हा असाच एक धंदा. कुदळीने दिवस मोडणारे हे काम 'स्टंप ग्राइंडर' लवकर उरकतो. कठीण दात्यांचे त्याचे चाक फिरत फिरत बुंधा जमिनीखालपर्यंत किसून काढते. उरलेला भुसा झाडांच्या आळ्यात पसरता येतो.

यंत्र घेताना आधी ताकद नव्हे, रुंदी पाहावी. जे फाटकातून, घरामागच्या बोळातून आत जाणार नाही, ते कितीही दणकट असले तरी निरुपयोगी! छोट्या यंत्राला वेळ जास्त लागेल, पण काम हातचे जाणार नाही. दाते झिजतात, दगड लागला तर तुटतात. म्हणून सुटे दाते आणि दुरुस्ती जवळपास मिळते का, हे विचारूनच पैसे मोजावेत. जमल्यास आधी भाड्याच्या यंत्रावर हात बसवावा. चष्मा, जाड बूट हवेतच. खाली वीजतार किंवा नळ नाही, याचीही खात्री करावी.

दिल्लीत १९९४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तो कागद पाहिल्याशिवाय बुंध्याला हात लावू नये.

आणखी एक. १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे केंद्रीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय धंदा करता येत नाही. पत्नीने किंवा मुलाने केला, तरी खात्याला कळवावे लागते. चार पैशांच्या जोडीपायी नोकरी पणाला लागू नये, म्हणून यंत्राच्या आधी अर्ज!