हृदयावरचा लगाम

हृदयाला त्याच्या स्वतःच्या लयीवर सोडून दिले, तर ते मिनिटाला साधारण १०० वेळा धडधडेल. निवांत बसलेल्या निरोगी माणसाची नाडी मात्र बहुधा सत्तरीत असते. हा फरक पडतो व्हेगस या नसेमुळे. मेंदूच्या तळातून निघून मान, छाती, पोट असा प्रवास करणारी ही नस हृदयाचा लगाम अखंड धरून असते, अगदी झोपेतही. प्रत्यारोपित हृदयाशी तिचा संबंध तुटलेला असतो. म्हणून अशा रुग्णाची नाडी पडून राहिल्यावरही ९० ते ११० च्या घरात राहते.

शरीराला शांत ठेवणे हे असे सतत चालणारे काम आहे आणि ते परानुकंपी चेतासंस्थेकडे आहे. जिना चढू लागताच आधी हा लगाम सैल होतो. शरीराला चेतवणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेचा जोर त्यामागून येतो. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेऊन पाहा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. तरुणांमध्ये हे अधिक स्पष्ट जाणवते.

व्हेगसखेरीज मेंदूतून निघणाऱ्या आणखी तीन नसा आणि मज्जारज्जूच्या तळाकडचे काही तंतू परानुकंपी संस्थेचेच. डोळ्याची बाहुली आकसणे, तोंडाला पाणी सुटणे, आतड्यांची हालचाल, लघवी होणे ही सारी तिची कामे.

पण नस हृदयाला सांगते तरी कशी? ग्राझ येथे ओटो लोवी यांनी १९२१ साली याचे उत्तर दिले. बेडकाचे हृदय त्यांनी क्षारद्रवात धडधडत ठेवले आणि त्याच्या व्हेगसला विजेचे हलके झटके दिले. ठोके मंदावले. मग तो द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला, आणि कोणत्याही नसेला स्पर्श न करता तेही मंदावले. म्हणजे निरोप द्रवात उतरला होता! हे रसायन अ‍ॅसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९३६ चे नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळाले. या प्रयोगाइतकी साधी मांडणी शरीरशास्त्रात क्वचितच आढळते.

निरोप पोचला की एक विकर अ‍ॅसिटिलकोलीन क्षणार्धात मोडून टाकते. आपल्या शेतकऱ्यांच्या जिवाशी याचा थेट संबंध आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, उलट्या, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, श्वासनलिकांत साचत जाणारा स्राव. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. तिथे फवारलेल्या औषधांमध्ये या गटातलीही होती.

बांधावरच्या धोतऱ्यात असलेले अ‍ॅट्रोपिन याच्या उलट वागते. ते अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवते. म्हणून धोतरा पोटात गेलेल्याचे तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो. त्यामुळे धोतऱ्याचा घरगुती उतारा कधीही देऊ नये. दवाखान्यात मात्र मोजून दिलेले हेच अ‍ॅट्रोपिन फवारणीच्या विषबाधेत जीव वाचवते. त्याची मात्रा वाढवत नेताना डॉक्टर बाहुल्यांपेक्षा छातीकडे अधिक लक्ष देतात. फुप्फुसांतली घरघर थांबेपर्यंत इंजेक्शने चालू राहतात. फवारणीचे विष कातडीतूनही शिरते. म्हणून भिजलेले कपडे लगेच उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा.