व्हिडिओ मध्येच थांबला पाहिजे

ऑनलाइन अभ्यासक्रमातले ‘इंटरॅक्टिव्ह’ साधन ओळखण्याची खूण सोपी आहे. विद्यार्थ्याने काही केल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. व्हिडिओ मध्येच थांबून प्रश्न विचारतो. पडद्यावरच्या मंडलात तार चुकीच्या जागी जोडली तर दिवा लागत नाही. उत्तर चुकले तर का चुकले ते तिथल्या तिथे कळते. आणि वर्गातले कितीजण नेमके कुठे अडले, याची नोंद शिक्षकाच्या हाती पडते. यातले काहीच होत नसेल, तर ॲनिमेशन कितीही झगमगीत असो, विद्यार्थी प्रेक्षकच राहतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरून पूर्ण करून त्यांचे श्रेयांक पदवीत धरण्याची मुभा दिली. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोचले आणि करोनाकाळातला तात्पुरता आधार वेळापत्रकात रीतसर येऊन बसला. वारणानगरसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. अभियांत्रिकी, फार्मसी आणि कला-वाणिज्य-विज्ञान अशी महाविद्यालये हाकेच्या अंतरावर असलेल्या या गावाला वारणा विद्यापीठाच्या रूपाने स्वतःचे समूह विद्यापीठ मिळाले आहे. अभ्यासक्रम आखणारे आणि शिकवणारे आता एकाच गावात आहेत. ऑनलाइन भाग कसा असावा, याचे उत्तर कोल्हापूरच्या विद्यापीठातून येणाऱ्या परिपत्रकात शोधण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर वारणा खोऱ्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे, तेही उसाच्या निमित्ताने. 1998 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने इथे ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावे संगणकाने जोडायची, गावातल्या केंद्रावर बाजारभाव, शेतीसल्ला, शासकीय माहिती, शिक्षण असे सगळे मिळायचे, अशी ती कल्पना. देशभर तिचे कौतुक झाले. काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातले राजेश वीरराघवन, केंतारो तोयामा आणि सहकारी पाहायला आले, तेव्हा केंद्रांवरचे संगणक मुख्यतः एकाच कामाला जुंपलेले होते: साखर कारखान्याशी चालणारा उसाचा हिशेब. किती टन गेला, किती खत उचलले, बिलाचे काय झाले. एवढ्या चार आकड्यांसाठी संगणक, वीज, बॅटरी आणि दुरुस्ती यांचा खर्च चालू होता. संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसने देण्या-घेण्याची सोय केली. आठ महिन्यांच्या चाचणीत काम भागले आणि खर्चही कमी आला. 2007 मध्ये ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने त्यावरचा शोधनिबंध आला.

त्या एसएमएसमध्ये चित्र नव्हते, आवाज नव्हता. तरीही बहुमाध्यम साधनांच्या आजच्या बाजारात जे विकले जाते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा तो अधिक इंटरॅक्टिव्ह होता. शेतकरी स्वतः विचारत होता आणि उत्तर त्याच्याच उसाचे मिळत होते.

तोयामा यांनी पुढे 2015 मध्ये ‘गीक हेरेसी’ हे पुस्तक लिहिले. तंत्रज्ञान माणसांकडे आधीच असलेली इच्छा आणि कुवत वाढवते, नसलेली निर्माण करत नाही, हे त्यांचे म्हणणे. चांगल्या शिक्षकाच्या हाती साधन आले तर त्याचे शिकवणे आणखी चांगले होते. वर्ग ढकलणाऱ्याच्या हाती आले तर ढकलणे तेवढे सोपे होते. हे म्हणणारा माणूस तंत्रज्ञानाचा विरोधक नाही, हे महत्त्वाचे. भारतातल्या ग्रामीण शाळांत एका संगणकाभोवती अनेक मुले बसतात आणि माउस मात्र एकाच्याच हातात असतो, हे पाहून ज्या गटाने एकाच पडद्यावर अनेक माउस आणि प्रत्येकाचा वेगळा बाण अशी ‘मल्टिपॉइंट’ची सोय तयार केली, त्यात तेही होते. ज्या मुलांचा हात माउसपर्यंत पोचतच नव्हता, त्यांनाही त्यामुळे काहीतरी करायला मिळाले. महाविद्यालयीन ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या अपयशाचे मूळही बहुतेकदा तिथेच असते. माउस फक्त शिक्षकाच्या हातात असतो.

भारतात हे एकतर्फी शिकवणे फार वर्षे चालत आले आहे. 1984 मध्ये अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. पुणे विद्यापीठातल्या माध्यम केंद्रानेही त्यासाठी उत्तम कार्यक्रम केले. आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘एनपीटीईएल’ने तासाभराची व्याख्याने कॅमेऱ्यात पकडून सर्वांना खुली केली. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांवर या व्याख्यानांचे उपकार आहेत, यात वाद नाही. पण फळ्यासमोरचा तास जसाच्या तसा पडद्यावर आला की वर्गातली एकच चांगली गोष्ट गळून पडते: मागच्या बाकावरच्याला उभे करून विचारलेला प्रश्न.

तो प्रश्न परत आणला तर काय होते, याचा पुरावा आहे. हार्वर्डमधल्या कार्ल श्पुनर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये संख्याशास्त्राचे 21 मिनिटांचे ऑनलाइन व्याख्यान चार तुकड्यांत दाखवले. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली. या गटाचे मन कमी भरकटले, त्यांनी टिपणे जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेत ते पुढे राहिले. 2015 मध्ये कार्नेगी मेलनच्या केनेथ कोडिंगर यांच्या गटाने मानसशास्त्राच्या एका खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची आकडेवारी तपासली. व्हिडिओ पाहणे किंवा वाचणे यांच्या तुलनेत स्वतः करायच्या उपक्रमांचा शिकण्याशी असलेला संबंध सुमारे सहापट बळकट निघाला. व्हिडिओची लांबीही महत्त्वाची ठरते. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या ‘एडएक्स’ या व्यासपीठावरच्या लाखो नोंदी तपासून फिलिप ग्वो यांनी 2014 मध्ये दाखवले, की साधारण सहा मिनिटांनंतर विद्यार्थी टिकत नाहीत. आपल्याकडचा तास 48 किंवा 60 मिनिटांचा, आणि रेकॉर्डिंगही तेवढेच.

साधने महाग नाहीत. ‘मूडल’ ही अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली 2002 पासून फुकट आहे. नॉर्वेत तयार झालेले ‘एच५पी’ तिला जोडले की तयार व्हिडिओत हव्या त्या सेकंदाला प्रश्न घालता येतो, आकृतीवर नावे ओढून बसवायचा खेळ करता येतो, किंवा रुग्ण औषधाच्या दुकानात येतो आणि विद्यार्थ्याच्या प्रत्येक निवडीनुसार संभाषण वेगळ्या वाटेने जाते, असा प्रसंग रचता येतो. फार्मसीच्या विद्यार्थ्यासाठी असा एक प्रसंग दहा स्लाइडांच्या तोडीचा आहे. मूडलच्या मोबाइल ॲपवर यातले बरेच काही आवारातल्या वायफायवर उतरवून घेऊन नेटशिवाय वापरता येते. नदीपलीकडच्या शिराळा तालुक्यात घरी जाणाऱ्या विद्यार्थ्याला रेंज कुठे जाते हे पाठ असते. त्याच्यासाठी ही सोय थेट प्रक्षेपणापेक्षा मोलाची आहे. थेट प्रक्षेपण बघायला भारी, पण आवाज तुटला की तो तास गेलाच.

अशा खास साधनाशिवायही इंटरॅक्टिव्ह होता येते, याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प संगणक प्रणाली शिकवतो. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तीच प्रणाली उघडलेली. व्हिडिओत एक आज्ञा दिली की थांबवायचे, आपल्या बाजूला तीच आज्ञा देऊन पाहायची, जमले की पुढे. मार्गदर्शक जवळ नसलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून संहिता लिहिली जाते आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला जातो. व्हिडिओत कसलीही जादू नाही. शिस्त सगळी रचनेत आहे, आणि म्हणूनच तो टिकला.

त्याच संस्थेतल्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागात सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थी-केंद्री रचना मांडली. त्यातला पहिला भाग म्हणजे थांबे असलेला व्हिडिओ. शिक्षक प्रश्न टाकतो, विद्यार्थ्याला थांबून उत्तर लिहायला सांगतो आणि पुढच्या तुकड्यात त्या उत्तराबद्दल बोलतो. दुसरा भाग सरावाचा. तिथे चुकीच्या पर्यायालाही कारणासह उत्तर मिळते. तिसऱ्यात आवडीनुसार पुढचे वाचन असते, पण त्यावरही प्रश्न असतात, नाहीतर कोणी उघडत नाही. चौथा भाग विद्यार्थ्यांच्या आपसातल्या चर्चेचा. हा आराखडा कोणत्याही महाविद्यालयाने उद्या सकाळी उचलावा इतका सोपा आहे. बोलणाऱ्याने मध्ये गप्प बसायचे, एवढाच त्यातला अवघड भाग.

प्रात्यक्षिकांचा प्रश्न वेगळा आहे. आयआयटी दिल्लीच्या समन्वयाखाली, आयआयटी मुंबई आणि पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थांच्या सहभागाने चालणाऱ्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’मध्ये शंभराहून अधिक प्रयोगशाळा आहेत. प्रत्येक प्रयोगाला उद्देश, सिद्धान्त, पूर्वचाचणी, कृती, आभासी प्रयोग आणि उत्तरचाचणी अशी चौकट असते. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ची अनेक आभासी उपकरणे मराठीतही चालतात. तिथेच 2005 मध्ये झालेल्या अभ्यासात एका गटाने खऱ्या तारा-दिव्यांवर आणि दुसऱ्याने पडद्यावरच्या मंडलावर सराव केला. नंतर खरे मंडल जोडायला दिले, तेव्हा पडद्यावरचा गट सरस ठरला. पडद्यावर इलेक्ट्रॉन वाहताना दिसतात, तारेत दिसत नाहीत.

या निष्कर्षावरून प्रयोगशाळेला कुलूप लावायचे नसते. पडद्यावरच्या ब्युरेटला गळती नसते, तराजूचा काटा अडकत नाही, वाचन दरवेळी सूत्रात चपखल बसते. वाचन का बसले नाही याचा शोध घेणे, हाच तर प्रात्यक्षिकाचा गाभा. 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या आढाव्यात तोन द याँग, मार्सिया लिन आणि झकारिया झकारिया यांनी आभासी आणि प्रत्यक्ष प्रयोगांच्या मिश्रणाची बाजू घेतली. आधी पडद्यावर, मग हाताने, हा क्रम वारणानगरच्या अभियांत्रिकी आणि फार्मसीच्या तासिकांना सहज जुळणारा आहे. धोका दुसराच आहे. आभासी प्रयोगातली वाचने उतरवून जर्नल पूर्ण होते, सही मिळते आणि यंत्रावरची धूळ तशीच राहते.

भाषेचा मुद्दा अशा चर्चांत शेवटी येतो. खरे तर तो आधी यायला हवा. बहुमाध्यम शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांचा एक प्रसिद्ध नियम असा, की बोललेले वाक्य तसेच पडद्यावर लिहून दाखवू नये. डोळे आणि कान एकाच कामात गुंतून पडतात. पण परक्या भाषेत ऐकणाऱ्याला तीच अक्षरे आधार देतात. मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजीत थर्मोडायनॅमिक्स ऐकणाऱ्या मुलाला इंग्रजी अक्षरे, मराठीत दोन वाक्यांचा खुलासा आणि संज्ञा इंग्रजीतच, अशी मिसळ लागते. वर्गात प्राध्यापक हेच करतात. कॅमेरा सुरू झाला की मात्र ते एकदम पुस्तकी इंग्रजीत शिरतात.

मूल्यमापनाशी सगळ्या साधनांची गाठ पडते. ‘एनपीटीईएल’ अभ्यासक्रमात साप्ताहिक स्वाध्यायांना 25 आणि देखरेखीखालच्या परीक्षेला 75 टक्के भार असतो. स्वाध्यायांची उत्तरे समाजमाध्यमांवर मुदतीआधी फिरतात, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे आणि शिक्षकांनाही. व्हिडिओतल्या प्रश्नांना गुण लावले की तेही त्याच वाटेने जातात. म्हणून त्या प्रश्नांना गुण जवळजवळ नसावेत आणि चुकण्याची पूर्ण मोकळीक असावी. त्यांचा खरा वापर शिक्षकाने करायचा: तिसऱ्या प्रश्नाला निम्मा वर्ग चुकला, तर प्रत्यक्ष तासाची सुरुवात तिथून. ही नोंद कोणी उघडतच नसेल, तर साधन घेतले काय आणि न घेतले काय.

ती उघडायला वेळ लागतो, आणि अडचण तिथेच आहे. दहा मिनिटांच्या धड्याची संहिता, ध्वनिमुद्रण, चार चांगले प्रश्न आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाला कारण, एवढ्यात शिक्षकाचे काही दिवस जातात. प्राध्यापकाचा कार्यभार मात्र आठवड्याच्या तासिकांत मोजला जातो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तर घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. रात्री बसून बनवलेल्या धड्याचे मानधन कोणत्याही रकान्यात नसते. नवे विद्यापीठ सॉफ्टवेअरचे परवाने घेईल, स्टुडिओही बांधेल. एक धडा तयार करणे म्हणजे किती तासिका, हे कार्यभाराच्या तक्त्यात लिहिले गेले, तर त्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला कोणीतरी येईल.