मुलांच्या हाती घराचा हिशेब
लेखांक सातवा : अज्ञानाच्या नावे मिळकत

गेल्या लेखांकातील भाड्याच्या सदनिकेची जमाखर्चवही वाचून नाशिकच्या एका वाचकांनी विचारले आहे, की मुलांना घराच्या व्यवहारात इतके गुंतवावयाचे, तर नवी सदनिका दहा वर्षांच्या मुलाच्याच नावे का घेऊ नये. दस्तावर आपले नाव पाहिले म्हणजे मालकीची जबाबदारी त्याला आपोआप कळेल. असा विचार पुष्कळ आईबापांच्या मनात येतो, आणि तो वात्सल्यातून येतो, म्हणून त्याचे उत्तर दोन ओळींत उरकणे मला प्रशस्त वाटत नाही.

कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असलेला एक खटला घरातील मुलांनाही जेवताना सांगावा, इतका बोधप्रद आहे. १८९५ च्या जुलै महिन्यात धर्मदास घोष नावाच्या कलकत्त्याच्या एका अज्ञान तरुणाने आपली घरे ब्रह्मो दत्त या सावकाराकडे शेकडा १२ व्याजाने २०,००० रुपयांच्या कर्जापोटी गहाण टाकली. मुलगा अद्याप सज्ञान झालेला नाही, अशी लेखी सूचना त्याच्या आईच्या वकिलाने सावकाराचा व्यवहार पाहणाऱ्या मुखत्यारास आधीच दिली होती. तरीही तरुणाकडून सज्ञान असल्याचा मजकूर लिहून घेऊन गहाणखत पुरे करण्यात आले. पुढे ते रद्द व्हावे म्हणून दावा लागला. तो चालू असता ब्रह्मो दत्त निवर्तला, त्याच्या पश्चात मोहरी बीबीच्या नावे अपील पुढे चालले, आणि १९०३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की १८७२ च्या करार कायद्यान्वये अज्ञानाने केलेला करार आरंभापासूनच शून्य होय. सावकारास दिलेली रक्कमही परत मिळाली नाही.

म्हणजे मुलाच्या नावे घर होऊच शकत नाही, असे नव्हे. बक्षीसपत्राने अथवा पालकामार्फत झालेल्या खरेदीने अज्ञानास मिळकत मिळू शकते. परंतु त्या मिळकतीचा व्यवहार त्याच्या हाती येत नाही, आणि आईबापांच्या हातातूनही तो बराचसा निसटतो. हिंदू कुटुंबांस लागू असलेल्या १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकास न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानेही देता येत नाही. उद्या त्याच मुलाच्या शिक्षणासाठी ते घर विकण्याची वेळ आली, तरी अर्ज घेऊन न्यायालयात उभे राहावे लागेल. करात काही सवलत मिळेल ही आशाही साधारणतः फोल ठरते. भाडे मुलाच्या नावाने जमा झाले, तरी आयकरासाठी ते आईबापांच्याच उत्पन्नात धरले जाते.

हे सर्व बंधन मुलाच्या रक्षणासाठी आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या शिक्षणाचा आपण विचार करीत आहोत, ते या दस्तातून मिळत नाही. आमच्या पुतणीच्या नावे एक वीटही नाही. मात्र चिंचवडच्या सदनिकेची कीर्द बाराव्या वर्षापासून तिच्या हस्ताक्षरात आहे. पहिल्याच महिन्यात तिने भाड्याचे १४,००० आणि अनामतीचे ४०,००० रुपये एकाखाली एक जमेस मांडून खाली ५४,००० ची बेरीज मारली, व महिन्याची प्राप्ती म्हणून ती आजोबांना दाखविली. आजोबांनी बेरीज खोडली नाही. भाडेकरूच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावयास लावून एवढेच विचारले, की हा गृहस्थ घर सोडून जाईल त्या दिवशी हे ४०,००० कोणाचे? ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली, आणि मग तिने स्वतःच त्या खात्यावर ‘देणे’ असे लिहिले.

पुढे तो भाडेकरू गेला, तेव्हा मोडलेला नळ कोणाच्या खर्चाचा आणि भिंतींच्या रंगाची झीज कोणाच्या खर्चाची, या बोलण्यास ती शेजारी बसली होती. नळाचे पैसे अनामतीतून वळते झाले, रंगाचे झाले नाहीत, आणि उरलेली रक्कम तिने मोजून परत दिली. त्यानंतर सदनिका दोन महिने रिकामी राहिली. जमेची बाजू कोरी, आणि खर्चाच्या बाजूस सोसायटीची देखभाल मात्र नेमाने चालू, ही दोन पाने पाहून पुढच्या वेळी भाडेकरू जाण्याच्या एक महिना आधीपासूनच नवा पाहावा, ही सूचना प्रथम तिनेच केली. परक्याची ठेव सांभाळणे आणि रिकामे महिने गृहीत धरून चालणे, या दोन गोष्टी ज्याच्या अंगवळणी पडल्या, त्याच्या उद्योजकतेचा पाया घातला गेला, असे मी निःशंकपणे मानतो.

ज्यांच्याकडे वारसाहक्काने मुलाचे नाव सातबाऱ्यावर आधीच लागले आहे, त्यांनी मात्र एक काम विसरू नये. अशा नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालक कर्ता, असा शेरा असतो, आणि वारस चाळिशीला आला तरी तो तसाच राहिलेला मी अनेक उताऱ्यांवर पाहिला आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच वयाचा दाखला जोडून तो शेरा कमी करण्याचा अर्ज मुलानेच लिहावा, मुलानेच तलाठ्याकडे द्यावा, आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावाही त्यानेच करावा. वडिलांनी सोबत जावे, पण बोलू नये.

घरपट्टीच्या पावतीचे वाचन आज करावयाचे ठरले होते, ते या उत्तरापायी राहिले. पुढील आठवड्यात तेच घेऊ. तत्पूर्वी मुलांकडून गेल्या तीन वर्षांच्या पावत्या शोधून एका ठिकाणी लावून ठेवाव्यात.